येळ्ळूरच्या शिवारापासून टिळकवाडीपर्यंत: रानाची वाट कुठे कुठे तुटली?

नाल्याकाठची

माझं माहेर बेळगावजवळच्या येळ्ळूरचं, सासर बेळगावातल्या टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला त्या रात्री भाऊ मला गाडीनं घरी सोडायला येत होता. येळ्ळूर रस्त्यावर त्यानं एकाएकी वेग कमी केला. दिव्याच्या उजेडात समोरचा रस्ता हलत होता. बेडूक! हळदीनं माखल्यासारखे पिवळेधमक नर, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे, आणि सगळे डाव्या हाताच्या शेतातून उजव्या हाताच्या शेताकडे निघालेले. आम्ही थांबलो. मागून येणारे थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, सकाळी रस्त्यावर नुसत्या पिवळ्या कातड्या चिकटल्या होत्या.

लहानपणी या रात्री डरावडरावच्या आवाजानं झोप लागायची नाही. बेडकांची वाट तीच आहे, पण मध्ये रस्ता रुंद झाला आणि रस्त्याच्या कडेला उभ्या भिंतींची काँक्रीटची गटार आली. गाडीखालून वाचलेला बेडूक त्या गटारात पडला तर वर चढत नाही. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन वाकून बघितलं. सतरा-अठरा बेडूक तळाच्या पाण्यात होते, एक सारखा भिंतीवर उडी घेत होता आणि त्याच जागी परत पडत होता. भावानं नारळाच्या झावळ्या आणून तिरक्या टाकल्या. अर्ध्या तासात निम्मे बाहेर आले.

त्या झावळीपासून हा धागा सुचला. आपल्याकडे ‘ग्रीन कॉरिडॉर’ म्हटलं की अवयव घेऊन जाणाऱ्या रुग्णवाहिकेसाठी मोकळा केलेला रस्ता डोळ्यांसमोर येतो. मी बोलते आहे ते जिवांच्या भ्रमणमार्गाबद्दल. रानापासून शिवारापर्यंत, शिवारापासून नाल्यापर्यंत, नाल्यापासून आपल्या गल्लीतल्या उंबरापर्यंत जी सलग किंवा जवळजवळ सलग हिरवळ असते, ती. तिच्यावरून बी सरकतं, मधमाशी सरकते, मुंगूस सरकतं. ती तुटली की शहरातली बाग कितीही सुंदर असो, ती बेट होते. बेटावरचे प्राणी आपसातच वीत राहतात आणि एखाद्या वाईट वर्षात संपले की बाहेरून नवे येत नाहीत.

बेळगावचं भाग्य असं की आपल्याला अशी वाट नव्यानं आखायची गरजच नाही. ती आहे. मला तीन दिसतात.

पहिली दक्षिणेची. राजहंसगडाचा उतार, येळ्ळूर-धामण्याचं भातशिवार, मग अनगोळ-वडगाव-शहापूरच्या शेतांतून जाणारा बळ्ळारी नाला.

दुसरी पश्चिमेची. वैजनाथाचा डोंगर आणि राकसकोपचा परिसर, तिथून मार्कंडेय नदीचा काठ, हिंडलगा, गोल्फचं मैदान, कॅम्पातली जुनी झाडं.

तिसरी नैऋत्येची, आणि हिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. खानापूरच्या रानातून देसूर, मच्छे करत येणारी रेल्वेलाइन. रुळांच्या दोन्ही बाजूंची झुडपं थेट टिळकवाडीत येतात. अलीकडे व्हॅक्सिन डेपोची झाडी, पलीकडे काँग्रेस रोड. १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर याच पट्ट्यात आहे.

माझं म्हणणं एवढंच. दर पावसाळ्यात कुठेतरी हजार रोपं लावून फोटो काढण्यापेक्षा या तीन वाटा पायी चालून त्या कुठे तुटल्या आहेत ते शोधू. रस्त्याखालची एक मोरी बुजलेली असेल, एक भिंत आडवी आली असेल, पन्नास पावलांत एकही झाड नसेल. त्या तुटक्या जागा जोडायला पैसा कमी लागतो, माणसं लागतात. तुमच्या भागातली तुटलेली जागा इथे लिहाल का? खूण सांगून लिहा, ‘अमुक पुलापासून तमुक वळणापर्यंत’ अशी.

---

कॅम्पातला वड

ताई, मी कॅम्पात चाळीस वर्षं काढली. तुमच्या दुसऱ्या वाटेबद्दल सांगतो. कॅम्पात झाडं टिकली कारण तिथं बांधकामाला आळा आहे. लष्कराची हद्द, मोठाले बंगले, दोन बंगल्यांत मोकळी जागा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बाजूला वड-पिंपळाचे शेंडे एकमेकांना भिडलेले आहेत. खार जमिनीवर पाय न ठेवता केवढी तरी लांब जाते. संध्याकाळी वटवाघळं कुठल्या दिशेनं निघतात ते मी रोज बघतो. ती झाडांच्या ओळी धरून जातात, उघड्या माळावरून नाही.

तुटलेली जागा विचारलीत म्हणून सांगतो. किल्ल्याचा खंदक आणि किल्ला तलाव शेजारी-शेजारी आहेत, पण मधल्या वर्दळीच्या रस्त्यावर आता शेंड्याला शेंडा भिडत नाही. दोन्हीकडे चार-चार मोठी झाडं लागली तर पंधरा वर्षांत फांद्या वरून भेटतील. पंधरा वर्षं म्हणजे फार नाहीत. मी लावलेली जांभूळ आता दुमजली घराएवढी आहे.

---

शिवारकरी

नमस्कार. मी वडगावचा. आमची शेती नाल्याला लागून हाय. तुम्ही सगळे शिकलेले लोक, मनापासून लिहूलालाय, त्यात वाद नाही. पण आमची बाजू पण ऐकून घ्या.

बळ्ळारी नाल्याला जलपर्णी तुंबती, गाळ भरतो आणि पहिल्या दोन मोठ्या पावसात पाणी शिवारात घुसतं. लावणी केलेलं भात आठ-आठ दिवस पाण्याखाली. बेळगावी बासमतीचा वास जगाला सांगतात, पण तो पिकवणाऱ्याचं पीक कुजलं तर विचारायला कोण येत नाही. आता तुम्ही नाल्याकाठी झाडं लावा म्हणणार. झाडाची सावली पडली की त्या पट्ट्यात भात पोसत नाही. झाडावर पाखरं बसतात आणि लोंब्या दुधावर आल्या की थव्यानं उतरतात. झुडपं वाढली की रानडुक्कर लपायला जागा. येळ्ळूरकडं मोर तर एवढे झालेत की पेरलेलं उकरून खातात.

आणि बायपास. हलगा-मच्छे बायपासात आमच्या लोकांची पिकाऊ जमीन गेली. कोर्टकचेऱ्या झाल्या, बायका पोरं रस्त्यावर बसली. त्यावेळी ह्या बेडकांची आठवण शहरात कुणाला झाली नाही. शिवार राहिलं तर बेडूक राहील. आधी शिवार वाचवायचं बोला, मग वाटेचं.

---

नाल्याकाठची

दादा, तुमचं शेवटचं वाक्य मी धाग्याच्या डोक्यावर लिहायला हवं होतं. शिवार राहिलं तर बेडूक राहील. खरं आहे. माझ्या वडिलांचीही जमीन त्याच शिवारात आहे, त्यामुळे बायपासच्या वेळची धग आमच्या घरानं सोसली आहे.

सावलीचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर. म्हणून भातखाचराच्या बांधावर मोठी झाडं नकोतच. आमच्या आजोबांच्या वेळी बांधावर काय होतं आठवा. निरगुडी, कोरांटी, करवंदीची जाळी, एखादा शेर, आणि सगळ्यात म्हणजे न फवारलेलं गवत. कमरेएवढं. बेडकाला, धामणीला, मधमाशीला तेवढं पुरतं. धामण उंदीर खाते आणि बेडूक भातावरचे किडे खातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. मोठी झाडं लावायची ती नाल्याच्या उत्तर अंगाला, म्हणजे सावली खाचरावर न पडता पाण्याच्या पल्याड पडेल. तिथेही शेत असेल तर तिथे झाड नको, वाळुंज आणि निरगुडीच बरी. वाळुंजाची मुळं काठची माती धरून ठेवतात.

जलपर्णीचं मूळ दुखणं सांडपाण्यात आहे. शहराचं मैलापाणी नाल्यात येतं, त्यातल्या खताच्या मात्रेवर ती माजते. नुसती उपसून काठावर टाकली की पुढच्या पावसात परत आत. ती दर वर्षी काढत बसण्यापेक्षा सांडपाणी आधी शुद्ध होऊन यायला हवं, आणि हे शेतकऱ्याचं आणि बेडकाचं मागणं एकच आहे. ही मागणी आपण एकत्र केली तर जोर येईल, असं मला मनापासून वाटतं.

---

जाधवनगरवासी

मला भीती वाटते, स्पष्ट सांगते. ऑगस्ट २०२२ विसरलात का सगळे? आमच्या जाधवनगरात बिबट्या आला, बांधकामावरच्या एका माणसावर त्यानं झडप घातली. मग तो गोल्फच्या मैदानाकडे दिसला. आजूबाजूच्या २२ शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैलच्या हत्ती-तळावरून हत्ती आणले, महिनाभर शोधाशोध चालली आणि बिबट्या काही सापडला नाही. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. रात्री खिडकीची कडी तीन-तीनदा बघायची. तुम्ही रानाची वाट गल्लीत आणणार म्हणजे पुन्हा तेच का?

---

कॅम्पातला वड

बाई, तुमची भीती खोटी नाही. पण बिबट्या तेव्हा कुठलीही नवी वाट न काढता आला होता. मार्कंडेयच्या काठानं, उसाच्या फडातून, मोकाट कुत्र्यांच्या मागानं तो येतो. कचऱ्यावर कुत्री आणि डुकरं पोसली जातात, तेच त्याचं आमंत्रण. गोल्फच्या मैदानाभोवती कचरा उघड्यावर पडणं थांबलं तर झाडी तोडण्यापेक्षा जास्त फरक पडेल.

---

नाल्याकाठची

जाधवनगरवासी, तुमच्या मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं. एक गोष्ट मी आधी स्पष्ट लिहायला हवी होती. सगळ्या वाटा सगळ्यांसाठी नसतात. गवा, हत्ती, बिबट्या यांची वाट शहराबाहेरून, डोंगराकडेनं जायला हवी आणि ती तिकडे शाबूत राहिली तरच ते इकडे वळणार नाहीत. वस्तीत यायची ती वाट अरुंद, छोट्यांची. बेडूक, सरडे, फुलपाखरं, तांबट, कुटुरगा, मुंगूस, उदमांजर. रुंदी दोन मीटरची असली तरी चालते, फक्त सलग हवी.

---

सात समुद्रापार शहापूर

मी मूळचा शहापूरचा, आचारगल्लीजवळचा. गेली बारा वर्षं सिंगापूरला आहे. इथला अनुभव लिहितो.

इथे जागेची टंचाई आपल्याहून कितीतरी जास्त. तरी बागा एकमेकींना जोडणाऱ्या पायवाटांचं जाळं ३०० किलोमीटरच्या वर गेलं आहे. त्यातल्या बऱ्याचशा पायवाटा पावसाच्या पाण्याच्या कालव्यांच्या कडेनं काढलेल्या आहेत. म्हणजे आपल्या भाषेत नाल्याकाठी. कालव्याची देखभाल करायला तसाही एक पट्टा मोकळा ठेवावा लागतो, त्याच पट्ट्यात झाडं आणि चालायची वाट.

दुसरं, इथे काही रस्त्यांच्या कडेला झाडं एका ओळीत न लावता जंगलासारखी थरांत लावतात. खाली झुडूप, मध्ये लहान झाड, वर मोठं. रानात जशी उंचीची उतरंड असते तशी. एका ओळीत गुलमोहर लावला तर तो फक्त सावली देतो. थर असले तर फुलपाखरू खालच्या थरातून आणि पक्षी वरच्या थरातून जातो.

तिसरं म्हणजे महामार्गावरून बांधलेला जनावरांचा पूल. २०१३ मध्ये झाला, ६२ मीटर लांबीचा, वर माती टाकून झाडं लावलेली. खवल्या मांजरसुद्धा त्यावरून जातं. पण यासाठी परदेशात बघायचीही गरज नाही. नागपूरकडून पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी ९ ठिकाणी रस्ता उचलून खालून वाट ठेवली आहे. वाघसुद्धा त्या वाटेनं गेल्याचे फोटो कॅमेऱ्यात आले. आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण. मग बेळगाव-खानापूर रस्त्याला ते का मागता येऊ नये?

---

खानापूरची माती

शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मी लॉगिन केलं.

मागता आलं असतं, वेळेवर मागितलं असतं तर. रस्ता चौपदरी झाला तेव्हा दुतर्फा झाडं गेली. आमच्या लहानपणी खानापूरहून बेळगावला एसटीनं जाताना सबंध रस्ता सावलीचा होता, आंब्याच्या दिवसात कंडक्टर गाडी थांबवून पाडाचे आंबे वेचायचा. आता तिथे दुभाजकात कण्हेर आहे.

शहरातल्या मंडळींना एक सांगायचं आहे. तुमच्या तिन्ही वाटांचं दुसरं टोक आमच्याकडे आहे. मार्कंडेय आमच्या बैलूरला उगम पावते, मलप्रभा कणकुंबीला, म्हादई देगावला. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटर. त्यात तळेवाडीजवळ बारापेडेची गुहा आहे. तिथल्या एका वटवाघळाची शास्त्राला ओळख १९१३ मध्ये झाली आणि पुढे कितीतरी वर्षं ते जगात फक्त त्या एका गुहेतलं म्हणून माहीत होतं. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. ते वटवाघूळ आमच्या तालुक्याचं वैभव आहे आणि तालुक्यातल्याच निम्म्या लोकांना माहीत नाही.

दांडेलीकडचे हत्ती आमच्याच रानातून २००२ च्या सुमाराला खाली दोडामार्गात उतरले. हत्तीला राज्याची हद्द कळत नाही, वन खात्याला कळते. हत्ती कर्नाटकात असला की एक खातं, चंदगडात गेला की दुसरं. मधल्या गावाला मात्र दोन्हीकडे अर्ज करत फिरावं लागतं. सीमाभागात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा टिळकवाडीतल्या उंबरापर्यंतची वाट जोडाच, पण ती जिथून सुरू होते त्या जांबोटी-कणकुंबीच्या देवराया, काजूसाठी साफ होत चाललेले डोंगरउतार, तिकडेही एखादा रविवार या. आमच्या गावच्या देवराईत अजून फांदी तोडत नाहीत. वाळलेलं लाकूडसुद्धा गुरवाला विचारल्याशिवाय उचलत नाहीत. माझी आजी देवराईच्या कडेनं जाताना चप्पल हातात घ्यायची.

---

नाल्याकाठची

येणार. नक्की येणार. देवराई हा या सगळ्याचा बियाणं-साठा आहे. आमच्या वाटेवर लावायची रोपं शेकडो किलोमीटरवरच्या नर्सरीतून आणण्यापेक्षा तुमच्या देवराईखाली पडलेल्या बियांपासून केली तर ती इथल्या मातीची, इथल्या पावसाची असतील. गुरवांना विचारूनच.

---

कलमी आंबा

रोपांचा विषय निघाला म्हणून. माझी छोटी रोपवाटिका आहे, त्यामुळे लोक काय मागतात ते मला रोज कळतं. लोक ‘लवकर वाढणारं, पानं न गळणारं, कचरा न करणारं’ झाड मागतात. असं झाड पाखराच्या काही कामाचं नसतं. जे झाड कचरा करतं तेच जगवतं. फळं सांडतात, फुलं सांडतात, पानं सांडतात, त्यावर किडे, किड्यांवर पाखरं.

कोनोकार्पस अजिबात लावू नका. भराभर वाढतो म्हणून लावतात, गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. सप्तपर्णी एखाद-दुसरी ठीक, पण रांगेनं लावली की फुलांच्या दिवसात लोकांचं डोकं दुखतं.

माझी निवड लिहून ठेवा. नाल्याकाठी करंज, अर्जुन, जांभूळ, वाळुंज, पाणी साचतं तिथे केवडा. रुळांच्या हद्दीबाहेर, तारांपासून लांब, शिवण, बहावा, पांगारा. मोकळ्या जागी उंबर, नांद्रुक, पायर. ही सगळी वडाच्या कुळातली. वेगवेगळ्या झाडांचा फळायचा काळ वेगळा असतो. चार जातींची पाच-सहा झाडं एका पट्ट्यात असली तर वर्षातल्या बहुतेक महिन्यांत कुठेतरी फळ असतं. तांबटाला आणखी काय हवं?

मियावाकीबद्दल भांडण होईल, तरी लिहितो. दाट लावायची ती पद्धत शहरातल्या छोट्या पडीक तुकड्याला बरी. पण आपल्याकडच्या मोकळ्या माळाला पडीक समजून तिथे दाट झाडं कोंबू नका. येळ्ळूरच्या माळावर टिटवी आणि चंडोल जमिनीवर घरटी करतात. त्यांची वाट म्हणजे ते उघडं गवतच.

---

उंबरठा

वडाच्या कुळातली झाडं भिंतीत मुळं घालतात, त्याचं काय? आमच्या शेजारी गटार फुटली.

---

कलमी आंबा

म्हणून मोकळ्या जागी म्हटलं. घर, गटार, पाण्याची पाइपलाइन यांच्यापासून निदान पंचवीस-तीस फूट. घराजवळ लावायचं असेल तर कढीपत्ता, पारिजातक, लिंबू, कुंदा. कढीपत्त्यावर आणि लिंबावर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. पानं खाल्लेली दिसली की औषध मारू नका. झाड मरत नाही.

---

कायद्याचं बोलू

मी वकिली करतो. भावनेला कागदाचा आधार देतो.

एक. कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा १९७६ चा आहे. शहरात झाड पाडायचं तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि एखाद्या कामासाठी ५० पेक्षा जास्त झाडं जाणार असतील तर जाहीर सूचना देऊन लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. ही सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि आपण वाचत नाही. कुणीतरी दोघांनी रोज ती बघण्याचं काम घ्या. मुदतीत आलेली दहा लेखी पत्रं नंतरच्या हजार जणांच्या मोर्चापेक्षा कामी येतात.

दोन. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि शहराच्या पालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुम्ही चालून जे टिपाल ते त्या नोंदवहीत जाऊ द्या. पुढे एखाद्या नाल्यावर स्लॅब टाकायची वेळ आली की ‘इथे काही नव्हतं’ असं कुणाला म्हणता येणार नाही.

तीन. निवेदन कन्नडमध्येही द्या. भाषेवरून कागद अडकून पडायला नको. शेजारच्या कन्नड घरांना सोबत घ्या. बळ्ळारी नाल्याचं पाणी दोघांच्याही शेतात शिरतं.

---

खडू-फळा

आमच्या शाळेची गोष्ट सांगते. शाळेच्या मागे पडकी विहीर आणि झुडपं, तिथे मुंगसाचं कुटुंब राहायचं. मग चारही बाजूंनी काँक्रीटची कुंपणभिंत झाली. मुंगसं महिनाभर दिसली, नंतर नाहीत.

मी वाचलं होतं की इंग्लंडमध्ये लोक साळूसारख्या त्यांच्या छोट्या काटेरी प्राण्यासाठी परसाच्या कुंपणाला तळाशी १३ सेंटिमीटरची चौकोनी खिडकी ठेवतात. एका परसातून दुसऱ्यात जायला एवढी पुरते. मी मुख्याध्यापकांना विचारलं. त्यांनी अट घातली, कुत्रं येता कामा नये. गवंड्याला बोलावून विहिरीच्या बाजूच्या भिंतीत तळाशी एक वीट काढली. मुलांनी दोन्ही बाजूंना बारीक वाळू पसरली, सकाळी येऊन ठसे बघायला.

पहिल्या आठवड्यात फक्त उंदरांचे. दुसऱ्या आठवड्यात एक लांब सरळ रेघ, ती सापाची. मुलं जाम घाबरली आणि जाम खूश झाली. मुंगसाचे पाच बोटांचे ठसे यायला चार महिने लागले. सहावीतल्या एका मुलीनं ते वहीत काढून ठेवलेत, खऱ्या मापाचे.

---

शिवारकरी

बाईंची गोष्ट आवडली. बायपासच्या भरावात पण असंच करता येईल नव्हं? भराव घातला की शिवाराचे दोन तुकडे होतात. पाणी पण अडतं, जनावर पण. मोऱ्या मोठ्या ठेवल्या तर पाणी पण जाईल, बेडूक पण जाईल.

---

सात समुद्रापार शहापूर

दादा, अगदी हेच. आणि मोरीत पाण्याच्या वर एका बाजूला वीतभर रुंदीचा कोरडा ओटा ठेवायचा, म्हणजे पावसाळ्यातही मुंगूस, उदमांजर त्यावरून पलीकडे जातं. मोरी बांधतानाच सांगितलं तर त्याला फारसा खर्च येत नाही. बांधून झाल्यावर कुणी करत नाही.

जाता जाता, उन्हाबद्दलही बोला म्हणजे झाडांत रस नसलेले लोकही ऐकतील. कोलंबिया देशातल्या मेदेयीन शहरानं २०१६ पासून रस्ते आणि नाल्यांच्या काठानं ३० हिरव्या वाटा केल्या आणि त्या भागांतलं तापमान सुमारे २ अंशांनी उतरलं. बेळगावला एके काळी गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे. आता मे महिन्यात आईला फोन केला की पंख्याचा आवाज तिच्या आवाजाच्या वर येतो.

---

रातकिडा

उजेडाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. अनगोळच्या नाल्याकडच्या बाजूला पूर्वी वळवाच्या पावसानंतर काजवे चमकायचे. तिथे पांढरे एलईडी लागले आणि काजवे गेले. काजव्याचे नर-मादी एकमेकांना उजेडानं शोधतात. झगझगीत दिव्यात ते कसे भेटणार? वाट हिरवी असून भागत नाही, ती रात्री अंधारीही असावी लागते. दिवे काढा असं म्हणत नाही, बायकामुली येतात-जातात. पण दिव्याला वरून टोपी, उजेड फक्त रस्त्यावर, नाल्यावर नको, आणि रंग पिवळसर. एवढं केलं तरी पुष्कळ.

---

नाल्याकाठची

सगळ्यांना कळवते. मागच्या दोन रविवारी आम्ही नऊजण पहिली वाट चाललो, येळ्ळूरच्या वेशीपासून शहापूरच्या अलीकडच्या पुलापर्यंत. शिवारकरी दादा स्वतः पुढे होते, त्यामुळे कुणाच्या बांधावरून जायला अडचण आली नाही. वडगावात एका कन्नड आजींनी आम्हाला ताक दिलं आणि त्यांच्या सुनेनं निवेदनाचं कन्नड नीट करून दिलं.

तुटलेल्या जागा अकरा सापडल्या. त्यांतल्या चार नुसत्या बुजलेल्या मोऱ्या आहेत, प्लास्टिक आणि बांधकामाचा राडारोडा अडकून. दोन तर आम्ही तिथल्या तिथे मोकळ्या केल्या, फावडं आणि घमेलं दादांच्या घरचं. तीन ठिकाणी उभ्या भिंतींची गटार आडवी येते, तिथे कायमचा उतार हवा. तोवर खडबडीत फळ्या टाकल्या आहेत. दर शनिवारी त्या बघायचं काम भावानं आणि त्याच्या दोन मित्रांनी घेतलंय. उरलेल्या चारांपैकी दोन जागा रुंद रस्त्याच्या आहेत, त्यांना मोठ्या मोऱ्यांशिवाय इलाज नाही, त्याची मागणी निवेदनात पहिल्या कलमात टाकली आहे. बाकीच्या दोन ठिकाणी काठ अगदी उघडा आहे. कलमी आंबा यांनी तिथे लावायला वाळुंजाच्या फांद्या आणि करंजाची रोपं कबूल केलीत. फांद्या ओल्या काठात नुसत्या खोवल्या तरी फुटतात म्हणे.

दुसऱ्या रविवारी परत येताना, आठ दिवसांपूर्वी मोकळ्या केलेल्या मोरीपाशी आम्ही पाणी प्यायला टेकलो होतो. कुणी बोलत नव्हतं. मोरीच्या पलीकडच्या तोंडाशी गवत हललं. आधी नाक, मग लाल डोळे, मग सबंध मुंगूस बाहेर आलं. त्यानं आमच्याकडे बघितलं, मागे वळलं आणि आत गेलं. थोड्या वेळानं आमच्या बाजूच्या तोंडातून बाहेर पडून बांध धरून येळ्ळूरकडे पळालं. मागोमाग दोन पिल्लं.

तिसरी वाट, रेल्वेलाइनची, येत्या रविवारी. रुळांवर चालायचं नाही, बाजूच्या रस्त्यानंच जायचं आहे. सकाळी साडेसहाला काँग्रेस विहिरीपाशी जमू. पायात बूट घाला, पाणी आणि एक वही आणा. जाधवनगरवासी, तुमच्या मुलीला आणाल का? खडू-फळा बाईंची सहावीतली मुलगीही तिची ठशांची वही घेऊन येणार आहे.